पृथ्वी खाली पडते आहे काय? गुरुत्वाकर्षणाचा इतिहास आणि आपण

'न्यूटनच्या कितीतरी आधी गुरुत्वाकर्षण आमच्या ग्रंथांत होते' असा संदेश मोबाईलवर वरचेवर फिरत असतो. त्याला उत्तर म्हणून आपल्याही काही ग्रुपवर 'तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सगळे विज्ञान सांगून ठेवले' असे संदेश येतात. हे दोन्ही दावे एकाच माळेचे मणी आहेत. ज्ञान कुणा एका थोर पुरुषाला एकदाच पूर्ण मिळाले, आपण आता फक्त अभिमान बाळगायचा, ही समजूत दोन्हींच्या मुळाशी आहे. गुरुत्वाकर्षणाचा इतिहास नेमके याच्या उलट सांगतो.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलचे म्हणणे होते की जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा वेगाने पडते. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने त्यावर आक्षेप घेतला, तरी युरोपात ॲरिस्टॉटलचा शब्द पुढे हजार वर्षे प्रमाण मानला गेला.

भारतात ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ मध्ये वस्तू पृथ्वीकडे ओढल्या जातात असा विचार मांडला. इ.स. ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त भास्कराचार्यांनीही पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती असल्याचे म्हटले. हे खरे आहे आणि ते मान्य करायला आपल्याला संकोच वाटण्याचे कारण नाही. पण ती कल्पना होती. ओढ किती, अंतर वाढले की ती किती कमी होते, याचे गणित त्यात नव्हते.

याच ग्रंथात आपल्या दृष्टीने महत्त्वाची एक गोष्ट आहे. आधाराशिवाय जड वस्तू अधांतरी राहू शकत नाही, म्हणून पृथ्वी अखंड खाली पडत आहे, असे बौद्धांचे मत भास्कराचार्य नोंदवतात आणि ते खोडून काढतात. वर फेकलेली वस्तू परत जमिनीवर येते. पृथ्वीच खाली पडत असती तर ती तिला गाठणार कशी? शिवाय अवकाश सर्व बाजूंनी सारखेच, मग पृथ्वी पडणार तरी कुठे? युक्तिवाद बिनतोड आहे. मत बौद्धांचे म्हणून आपण त्याचा बचाव करायचा का? मुळीच नाही.

पुढचे पाऊल इटलीत पडले. गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळे सोडले, पाण्याच्या घड्याळाने वेळ मोजली आणि पडण्याचा नियम शोधला : दुप्पट वेळेत चौपट अंतर. हवेचा अडथळा नसेल तर जड-हलके सारख्याच वेगाने पडते. घरी करून पाहा. वही आणि तिच्यापेक्षा लहान कागद वेगवेगळे सोडा, मग कागद वहीवर ठेवून सोडा. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडल्याबद्दल १६३३ मध्ये चर्चने गॅलिलिओला शिक्षा केली. मरेपर्यंत तो नजरकैदेत होता.

१६८७ मध्ये न्यूटनने फळ पाडणारे आणि चंद्राला फिरवणारे बल एकच असल्याचे गणिताने दाखवले. अंतर दुप्पट झाले की बल चौथाई होते. हे बल मुळात कशामुळे असते, ते आपल्याला सापडले नसल्याचेही त्याने प्रांजळपणे लिहिले. १८४६ मध्ये याच गणिताने नेपच्यून ग्रह सापडला.

पण बुधाच्या कक्षेचा हिशेब जुळेना. शतकाला अवघ्या ४३ विकलांचा फरक उरत होता. विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग! इतक्याशा फरकाकडेही शास्त्रज्ञांनी काणाडोळा केला नाही. १९१५ मध्ये आइन्स्टाइनने त्याचा उलगडा केला : वस्तुमानामुळे अवकाश आणि काळ वक्र होतात, ती वक्रता म्हणजेच गुरुत्वाकर्षण. २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळ वाकतो, हे मोजले गेले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळेने गुरुत्वीय लहरी प्रत्यक्ष टिपल्या. तरीही काम संपलेले नाही. अणूच्या आतल्या जगाचे नियम आणि गुरुत्वाकर्षण यांचा मेळ अजून बसलेला नाही.

आज आपण म्हणतो की पृथ्वी सूर्याकडे सतत 'पडत' असते, पण आडव्या वेगामुळे त्याच्याभोवती फिरत राहते. मग त्या प्राचीन बौद्धांना हे आधीच ठाऊक होते, असे म्हणायचे का? नाही. शब्द जुळला म्हणून ज्ञान जुळत नाही. असा ओढूनताणून अर्थ दुसऱ्याने काढला की आपण हसतो. तोच निकष स्वतःलाही लावला पाहिजे.

केवळ परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरूने सांगितले आहे म्हणून काही मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. बुद्धांनी आपल्या धम्मासाठी अचूकतेचा दावा केला नाही, हे बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ठळकपणे मांडले. आपला वारसा हा आहे. तो जपायचा तर 'आमच्याकडे आधीच होते' या शर्यतीतून बाहेर पडावे लागेल.

लायगोची भारतातील वेधशाळा मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतील. तिथे शास्त्रज्ञ, अभियंता, तंत्रज्ञ म्हणून आपल्या वस्त्यांतील किती मुले-मुली पोहोचतील? विहारात वंदनेनंतर अर्धा तास गणित-विज्ञान शिकवायला आपल्यातले किती पदवीधर पुढे येतील? फॉरवर्ड केलेल्या संदेशापेक्षा या प्रश्नांची उत्तरे समाजाच्या जास्त उपयोगाची आहेत.

जय भीम! नमो बुद्धाय!