नळीतला गंज आणि उरलेलं पोलाद

कळंब्यावरून गारगोटी रस्त्याने पुढे निघालं की उसाचे फड लागतात. त्यात रानडुकरं घुसतात, आणि पीकसंरक्षणाच्या परवान्यावर आजोबांची दुनळी बाराबोर नातवाच्या नावावर झालेली घरंही या भागात आढळतात. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, एरवी कपाटात. वापरून झिजते त्यापेक्षा ती पडून जास्त झिजते.

काडतुसं नाहीत याची खात्री करून बंदूक उघडावी आणि नळीतून उजेडाकडे बघावं. चांगल्या नळीत प्रकाशाची वर्तुळं अखंड दिसतात. ती जिथे तुटतात, काळे ठिपके दिसतात, तिथे गंजाने पोलाद खाल्लेलं असतं.

जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे मिठाच्याच जातीचा क्षार. तो हवेतला ओलावा धरतो. काळ्या दारूच्या राखेतलं पोटॅशियम कार्बोनेटही तेच करतं. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून नुसतं तेल फिरवलं तर त्याखाली गंज चालूच राहतो. अशी काडतुसं वापरली असतील तर आधी गरम पाणी, मग कोरडी चिंधी, आणि शेवटी तेल.

एकदा खड्डा पडला की त्याच्या तळाशी प्राणवायू कमी पोचतो. तिथलं लोखंड विरघळू लागतं, क्लोराइड आत ओढलं जातं, आत आम्ल तयार होतं आणि ते आणखी लोखंड विरघळवतं. खड्डा रुंद होण्याऐवजी खोल जातो तो यामुळे.

छऱ्यांच्या माऱ्यावर याचा फारसा परिणाम होत नाही. प्रश्न जिवाचा आहे. काडतूस उडताना दाब 700 बारच्या आसपास जाऊ शकतो. मोटारीच्या चाकात तो दोन-सव्वादोन असतो. हा दाब काडतुसाच्या घरात सर्वाधिक असतो, आणि तिथे पोलादही जाड असतं. पुढे दाब झपाट्याने उतरतो, पण भिंतही पातळ होत जाते आणि मध्यावर जेमतेम मिलिमीटरभर उरते. माझ्या मते घराच्या पुढची वीतभर जागा सर्वात जपण्याची. तोंडाजवळचे बारीक ठिपके एक वेळ चालतील, इथला खोल खड्डा मुळीच नाही.

‘घासून लख्ख करून घेऊ’ असं सहज म्हटलं जातं. घासणं म्हणजे खड्ड्याच्या तळापर्यंत सगळी भिंत कमी करणं. बाराबोरची नळी आतून साधारण 18.5 मिलिमीटर, दाब सोसण्याच्या चाचणीच्या वेळच्या मापापेक्षा ती सुमारे पाव मिलिमीटरने वाढली, तर ब्रिटनमध्ये चाचणीचा शिक्का बाद ठरतो. म्हणून घासण्याआधी परवानाधारक बंदूक कारागिराकडून भिंतीची जाडी ठिकठिकाणी मोजून घ्यावी. घराची लांबीही बघावी: जुन्या बंदुकांत ती 65 मिलिमीटर असते, त्यात 70 चं काडतूस बसलं तरी उडवू नये, दाब वाढतो. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली दमास्कस नळी असेल, तर जोडांमधला गंज बाहेरून दिसतही नाही; तिच्यात आजचं काडतूस घालू नये.

आणि पावसाळ्यात बंदूक चामड्याच्या खोळीत ठेवू नये. चामडं ओल धरून ठेवतं, आणि कमावताना वापरलेले क्षारही त्यात असतात.