गुढीपाडव्याच्या आकाशातून पडलेली कडी

2 एप्रिल 2022 रोजी, गुढीपाडव्याच्या सायंकाळी, विदर्भाच्या आकाशातून जळत्या ठिणग्यांची रांग सरकत गेली आणि भंडारा जिल्ह्यातील अड्याळच्या दक्षिणेस, त्या जिल्ह्याला लागून असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी (तालुका सिंदेवाही) येथे धातूची प्रचंड कडी कोसळली. परिसरात धातूचे गोळेही सापडले.

ही उल्का नव्हती. उल्का सेकंदाला किमान 11 किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते, तर कक्षेतून घसरणारी वस्तू 8 किलोमीटरच्या आतबाहेर वेगाने येते, म्हणून तिचा प्रकाश रेंगाळतो. हे अवशेष फेब्रुवारी 2021 मध्ये सुटलेल्या चिनी ‘चांग झेंग 3बी’ अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

अशी कडी केवळ भौतिकशास्त्राचा विषय राहत नाही, आणि हेच तिचे खरे महत्त्व. 1972 च्या दायित्व करारानुसार, म्हणजे अंतराळातील वस्तूंमुळे होणाऱ्या हानीची जबाबदारी ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, जमिनीवरील नुकसानीची भरपाई प्रक्षेपण करणाऱ्या राष्ट्रावर, त्याची चूक सिद्ध न करताही, बंधनकारक असते. सोव्हिएत ‘कॉसमॉस 954’ हा अणुभट्टीवाहक उपग्रह 1978 मध्ये कॅनडात कोसळल्यावर 1981 मध्ये 30 लाख कॅनेडियन डॉलर देण्याचे ठरले.

भरपाईचा प्रश्न कायदा सोडवतो; मात्र गावकऱ्यांची भीती, अफवा आणि पोलीस पाटलापासून तहसीलपर्यंत जाणारी खबर यांची नोंद समाजशास्त्रानेच घ्यावी लागते.

अड्याळ परिसरात तो प्रकाश पाहिलेल्यांनी वेळ व दिशा जरूर लिहावी, शंकाही विचाराव्यात.