डिकीतले पाचवे चाक

रात्रीची वेळ, घाटाचा रस्ता, गाडीत लहान मुले आणि म्हातारी माणसे. अशा वेळी टायर बसला की डिकीतल्या स्टेपनीची आठवण होते. जॅक लावून नट सैल केल्यावर लक्षात येते, की स्टेपनीत हवाच नाही. किंवा जुन्या बाजारातून स्वस्तात आणलेल्या चाकाची भोके गाडीच्या बोल्टांशी जुळत नाहीत. वर्षानुवर्षे न लागणारी ही वस्तू निवडताना फारसा विचार केला जात नाही, त्याची किंमत मग अशा जागी मोजावी लागते.

सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसे. पंक्चर झाले की रस्त्यातच टायर काढून दुरुस्त करावा लागे. वेल्समधील लॅनेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरच्या डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये यावर तोड काढली. आरे नसलेली, हवा भरलेल्या टायरची एक कडी पंक्चर झालेल्या चाकाला आवळून बसवायची, ही त्यांची युक्ती. त्या रस्त्याचे नाव आपल्याकडे आजही प्रत्येक गॅरेजमध्ये घेतले जाते.

स्टेपनी घेताना पहिला प्रश्न बहुधा ‘किती इंची?’ असा असतो. तो पुरेसा नाही. महत्त्वाची आहे ती टायरसकट चाकाची एकूण उंची. ती टायरच्या कडेवरील आकड्यांतूनच काढता येते. ‘१८५/६५ आर १५’ म्हणजे टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंची. वरची आणि खालची कड मिळून सुमारे २४० मिलिमीटर, त्यात रिमचे ३८१ मिळवले की चाकाची उंची होते साधारण ६२१ मिलिमीटर. आता ‘१९५/५५ आर १६’ हा टायर घ्या. रिम एक इंचाने मोठी, पण एकूण उंची पुन्हा ६२१ मिलिमीटरच्या आसपासच. म्हणून १६ इंची अलॉय चाकांच्या गाडीत १५ इंची लोखंडी स्टेपनी दिसली, तर ती फसवणूकच असेल असे नाही.

याउलट ‘१७५/६५ आर १४’ची उंची सुमारे ५८३ मिलिमीटर भरते. हे चाक त्याच गाडीला लावले, तर किलोमीटरमागे ते इतरांपेक्षा जवळपास ३४ फेरे जास्त मारील. वळणावर डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी डिफरन्शियलची दातेरी चाके एरवी सरळ रस्त्यावर एकमेकांच्या तुलनेत स्थिर असतात. इंजिनाची ताकद मिळणाऱ्या चाकांच्या जोडीत असे लहान चाक आले, तर सरळ रस्त्यावरही त्यांना सतत फिरावे लागते. त्यामुळे झीज आणि उष्णता वाढते. चाकांच्या गतीची तुलना करणाऱ्या एबीएस यंत्रणेचाही हिशेब चुकू शकतो.

काही गाड्यांत कंपनीच बारीक, तात्पुरती स्टेपनी देते. तिच्यात साधारण ६० पाउंड हवा लागते आणि ताशी ८० किलोमीटरची मर्यादा तिच्यावरच छापलेली असते. रस्त्यावर टेकणारा तिचा भाग कमी असल्याने ब्रेक लावल्यावर, विशेषतः ओल्या रस्त्यावर, गाडी थांबायला जास्त अंतर लागते. ती जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत पोहोचण्यासाठी आहे, पुढचा प्रवास उरकण्यासाठी नव्हे.

आकारानंतर भार पाहावा. मापापुढच्या ‘८८ एच’मधील ८८ म्हणजे त्या टायरला ५६० किलो भार चालतो, ८२ असेल तर ४७५ किलोच. हा आकडा गाडीसाठी सांगितलेल्या आकड्यापेक्षा कमी नसावा. रिमच्या भोकांची संख्या आणि त्यांच्यातील अंतर, तसेच मधले भोक गाडीशी जुळायला हवे. लहान रिम पुढच्या ब्रेकला घासू शकते. त्यामुळे पैसे देण्याआधी स्टेपनी पुढच्या चाकाच्या जागी बसवून हाताने फिरवून पाहावी. अलॉय चाकांचे नट लोखंडी रिमला चालतात का, हेही तेव्हाच कळते.

न वापरलेला टायर नवाच राहतो, हा समज चुकीचा आहे. हवेतील ऑक्सिजन आणि ओझोनमुळे रबर पडून पडूनही कडक होते, भेगाळते. टायरवरील चार आकडी शिक्का ‘२३१९’ असा असेल, तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करावी आणि दहा वर्षांनंतर टायर वापरू नये, असे अनेक उत्पादक सांगतात. हा नियम स्टेपनीलाही लागू आहे.

टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि ट्यूबलेस टायर दुरुस्तीचा संच असेल, तर मोटारीत स्टेपनी नसली तरी चालेल, अशी सुधारणा केंद्र सरकारने २०२० मध्ये नियमांत केली. खिळ्याने पडलेले लहान भोक त्या संचाने बुजते. खड्ड्याच्या धारेने टायरची कड फाटली, तर मात्र त्याचा उपयोग होत नाही. रात्री खराब रस्त्याने जाणाऱ्यांनी नवी गाडी घेताना याचा विचार करावा. सीएनजीच्या टाकीमुळे जागा अडते म्हणून स्टेपनी घरी काढून ठेवणाऱ्यांनीही.

टायर वापरात नसला तरी त्यातली हवा हळूहळू उतरतच असते. पंपावर चार चाकांची हवा पाहायला सांगताना डिकी उघडून पाचव्याचीही पाहून घ्यावी. जॅक आणि पान्हा जागेवर आहेत ना, हेही त्याच वेळी बघता येते.