कंदिलाच्या वेलाची कुंडी बदलताना

दसरा झाला की आमच्या घरी दोन कंदील खाली उतरतात. एक माळ्यावरचा, वर्षभर कागदात गुंडाळून ठेवलेला आकाशकंदील. दुसरा गॅलरीच्या गजाला टांगलेला वेल. आकाशकंदिलाची धूळ झटकायची असते, वेलाची कुंडी दाटली असेल त्या वर्षी ती बदलायची असते. दोन्ही कामं एकाच रविवारी, जुनी चादर अंथरून होतात.

वेलाला मी कंदील म्हणते ते त्याच्या फुलामुळे. नर्सरीत त्याला ‘स्ट्रिंग ऑफ हार्ट्स’ म्हणतात, कारण दोऱ्यासारख्या बारीक, जांभळट वेलीवर पत्त्यातल्या बदामासारखी पानं जोडीजोडीनं लागतात. पान नखाएवढं, जाडसर, गडद हिरव्यावर चांदीची नक्षी आणि उलटं केलं तर फिकट जांभळं. लोक या पानांवर भाळून वेल घरी आणतात. फूल मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटतं, कारण ते जेमतेम इंचभर असतं. बुडाशी फुगीर, वर अरुंद नळी आणि टोकाला पाच काळपट पाकळ्या. या पाकळ्या उमलून पसरत नाहीत, शेंड्याशी एकमेकींना चिकटूनच राहतात, आणि त्यांच्यामधल्या पाच फटींतून बारीक चिलटं आत उतरतात. नळीतले केस खालच्या दिशेला वळलेले, त्यामुळे आत जाणं सोपं आणि परत फिरणं अवघड. फूल जुनं होऊन केस मऊ पडले की चिलट सुटतं, ते परागांची पुडी अंगावर घेऊनच. भिंग घेऊन बघाल तर इतक्या लहान जागेत हा सगळा बंदोबस्त कसा बसवला आहे, हे पाहताना वेळेचं भान राहत नाही.

शास्त्रीय नाव सेरोपेजिया वुडिआय. मूळ गाव आफ्रिकेच्या दक्षिणेला. जॉन मेडली वुड यांना १८८१ साली नाताळ प्रांतात, सुमारे १८०० फुटांवर, हा वेल डोंगराच्या खडकावरून लोंबताना दिसला. पुढच्याच वर्षी ते डर्बनच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख झाले. १८९४ मध्ये वेल लंडनच्या क्यू उद्यानात पोचला आणि तिथून घराघरांत. याच वुड यांना १८९५ मध्ये सायकसच्या नात्यातलं एक झाड सापडलं होतं, एन्सेफॅलार्टोस वुडिआय. ते नर झाड होतं; त्याची मादी आजवर कुणाला मिळालेली नाही. एकाच माणसाचं नाव लागलेल्या दोन वनस्पती, एक जोडीदाराविना राहिलेली आणि दुसरी जगभरच्या खिडक्यांत पोचलेली. हे वाचल्यापासून वेलाला पाणी घालताना मला त्या झाडाची आठवण होते.

खडकावरून लोंबताना, हे शब्द लक्षात ठेवायचे. कुंडी बदलण्याची सगळी विद्या त्यांच्यात आहे.

मी ते पहिल्यांदा लक्षात ठेवलं नव्हतं. आणलेला वेल महिन्याभरात भराभर वाढला, म्हणून कौतुकानं मोठ्या कुंडीत लावला. कुंडी दहा इंचांची, माती भरपूर, खतही भरपूर. जुलैत पावसाची झड लागली. वेल वरून आठवडाभर ठीक दिसत होता, मग एका सकाळी पानं पिवळी पडून बोट लावलं की गळू लागली. कुंडी उपडी केली तर मातीला आंबूस वास आणि मुळांचा नुसता चिखल. माती जास्त म्हणजे पाणी जास्त, आणि ते शोषून घ्यायला मुळं मूठभर. वेलाला त्या ओलीतून सुटका नव्हती. फार वाईट वाटलं होतं.

त्या कुजलेल्या मातीतच मला या झाडाचं खरं शरीर सापडलं. बटाट्यासारखे, करड्या सालीचे तीन कंद, सुपारीएवढे. दोन मऊ झाले होते, एक टणक होता. खडकाच्या फटीत मूठभर माती आणि अधूनमधून पाणी, अशा जागी जगायचं तर साठवण लागते. ती या कंदांत असते. खाली लोंबतात त्या वेली तुटल्या, वाळल्या तरी कंद धड असला तर नव्या येतात. तो एक टणक कंद मी कोरड्या वाळूत ठेवला. आज गॅलरीत आहे तो त्याचाच वेल.

तर कुंडी कधी बदलायची? मुळं खालच्या भोकातून बाहेर डोकावू लागली, पाणी घातल्याबरोबर तळातून धावत निघून गेलं, किंवा कंद एकमेकांना रेटून मातीच्या वर आले, तर. नुसत्या वेली लांब झाल्या म्हणून नाही. दोन-तीन वर्षं एकाच कुंडीत हा वेल मजेत राहतो, आणि जरा दाटीतच त्याला फुलं चांगली येतात असा माझा अनुभव आहे. पुण्यासारख्या हवेत पाऊस संपल्यापासून थंडी पडेपर्यंतचे दिवस चांगले, नाहीतर मग फेब्रुवारीअखेर. विदर्भात थंडी लवकर आणि कडक पडते, तिथे मी फेब्रुवारीचीच वाट बघेन. पावसाळ्यात मात्र कुठेच नको.

कुंडी जुनीपेक्षा इंचभर रुंद, त्याहून मोठी नाही. उथळ असावी आणि मातीची असावी, कारण मातीच्या कुंडीच्या अंगातून ओल बाहेर पडते. तळाशी खापऱ्यांचा जाड थर द्यायची आपल्याकडे पद्धत आहे. मी ती सोडली. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, ते थराच्या वरच अडून राहतं. म्हणजे ओल मुळांपासून लांब जाण्याऐवजी आणखी जवळ येते. भोकावर एक खापरी पुरते.

मिश्रण घरातल्या वाटीनं मोजते. एक वाटी चाळलेली लाल माती, एक वाटी कोकोपीट, दीड वाटी विटांचा जाडसर चुरा किंवा पर्लाइट, अर्धी वाटी मुरलेलं गांडूळखत. आमच्याकडची काळी माती अजिबात नको; ती भिजली की चिकटते, वाळली की भेगाळते. मिश्रण भिजवून मुठीत दाबायचं. मूठ उघडल्यावर गोळा आपोआप विस्कटला पाहिजे. घट्ट राहिला तर अजून चुरा घालायचा.

आता खरं किचकट काम: गुंता. दीड-दोन मीटर लांबीच्या पंधरा-वीस वेली आणि प्रत्येक पेराला फांदी. कुंडी नुसती उचलली तरी वेली एकमेकींत अडकून पानं तुटतात. म्हणून आधी चार-पाच दिवस पाणी बंद. मग वेलींच्या तीन-चार जुड्या करून प्रत्येक जुडी केसांच्या चापात सैल पकडायची, आंबाड्यासारखी गोल गुंडाळून चादरीवर ठेवायची आणि तेव्हाच कुंडी आडवी करायची. कडेनं थोपटलं की गड्डा सुटतो. वेल धरून ओढायचं नाही. नर्सरीतून आलेल्या झाडाच्या पोटात पुष्कळदा निव्वळ कोकोपीटचा घट्ट गोळा असतो. तो बोटांनी मोकळा करायचा, पण मुळं धुऊन काढायची नाहीत. मऊ कंद दिसला तर कापून टाकायचा. पेरांजवळ कापसासारखं पांढरं काही दिसलं तर पिठ्या ढेकूण समजायचा आणि स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसून काढायचा.

नव्या कुंडीत कंद अर्धा मातीत, अर्धा वर राहू द्यावा. खोल पुरला तर कुजण्याची भीती. मग एक-दोन लांब वेली वर वळवून मातीवरच गोल ठेवायच्या आणि केसांच्या आकड्यांनी पेरापाशी टोचायच्या. पेर मातीला टेकलं की तिथं मुळं धरतात आणि कुंडीचं टक्कल भरून येतं. ते टक्कल पडतं ते बहुधा उजेडाअभावी: कुंडी छताजवळ टांगतो, वेलींना खिडकीचा उजेड मिळतो आणि वरचा भाग अंधारात राहतो. हुक थोडा खाली घेतला तरी फरक पडतो.

पाणी लगेच नाही. मुळांच्या जखमा सुकेपर्यंत चार-पाच दिवस थांबावं. पुढे पाणी कधी, हे पानालाच विचारायचं. दोन बोटांत धरून हलकेच दुमडून बघावं. ताठ राहिलं तर पाणी आहे, सहज वाकलं तर तहान लागली आहे. पिवळं आणि बुळबुळीत असेल तर आधीच जास्त झालं आहे.

या वेलाचे सोयरे आपल्या डोंगरांत आहेत, हे मला फार उशिरा कळलं. सगळे रुईच्या कुळातले. सेरोपेजिया प्रजातीला आपल्याकडे कंदीलपुष्प म्हणतात, गावाकडे खरतुडी. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ च्या ग्रंथात हिच्यातल्या एका जातीची नोंद केली ती ‘हॉर्टस मलबारिकस’ या त्याआधीच्या ग्रंथातल्या मलबारच्या वेलावरून, आणि तिला नाव दिलं कँडेलाब्रम, म्हणजे दिव्यांचं झाड. हरिश्चंद्रगडावर सेरोपेजिया लॉइआय, कासच्या पठारावर जैनिआय. काही तर अशा, की सह्याद्रीच्या दोन-चार डोंगरांपलीकडे जगात कुठेही नाहीत. पावसात कंदातून वर येतात, फुलतात आणि पाऊस सरला की परत कंदात जातात. कंद खायला गोड म्हणून माणसं आणि रानडुकरं दोघंही ते उकरतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या जाती जोपासल्या, वाढवल्या. ट्रेकला गेलात आणि गवतात असा कंदील दिसला, तर फोटो काढा, पण कंद उकरून कुंडीत लावायला आणू नका. कुंडीसाठी वुड यांचा वेल आहे, आणि तो एका मण्यापासूनही होतो.

हा मणी म्हणजे पेरावर, पानांच्या बेचक्यात आपोआप धरणारा लहानसा कंद, वाटाण्याएवढा. माळेतल्या मण्यांसारखे ते वेलीवर दिसतात, म्हणून याला रोझरी व्हाइनही म्हणतात. कुंडी बदलताना यातले काही हमखास गळतात. चादर झटकण्याआधी मी ते वेचून घेते आणि दह्याच्या रिकाम्या मडक्याला तळाशी भोक पाडून मातीवर नुसते दाबून ठेवते. दिवाळीपर्यंत त्यांना पानही फुटत नाही. गेल्या दसऱ्याला दाबलेले पाच मणी होते, त्यातले चार जगले. त्यांच्या वेली आता हातभर लोंबताहेत. ते मडकं यंदा भाऊबीजेला भावजयीच्या हातात द्यायचं ठरवलं आहे, चाप लावून, गुंता होऊ न देता.