बाहुलीचे लग्न आणि शाळेतला तास



तुळशीचे लग्न लागले की गावोगाव मांडव पडू लागतात आणि शाळेतली हजेरी रोडावते. चार दिवसांनी मूल परत येते ते हाताला हळद आणि तोंडी लग्नाच्या गोष्टी घेऊन. या गोष्टी वर्गात येऊ द्याव्यात, असे माझे म्हणणे आहे. वर्गाबाहेर त्यांतून चिडवाचिडवी होते. "तुमच्यात भटजीच नसतो, मग ते लग्न कसलं?" असे एक पोर दुसऱ्याला सहज बोलून जाते. बोलणारा विसरतो, ऐकणारा विसरत नाही.

सुरुवात बाहुला-बाहुलीच्या लग्नापासून करा. दुसरी-तिसरीच्या मुलांना धर्माची व्याख्या सांगू नका; त्यांनी पाहिलेले ऐका. "तुझ्या मावशीच्या लग्नात काय काय पाहिलंस?" एवढेच विचारा. एक जण सांगेल, मध्ये अंतरपाट धरला, मंगलाष्टके झाली, आम्ही अक्षता टाकल्या. (ते तांदूळ मग पायदळी जातात, हे मला कधी रुचले नाही, पण ती गोष्ट निराळी.) दुसरी सांगेल, काझीसाहेब आले, वकील आणि साक्षीदार आत जाऊन नवरीला विचारून आले, मग नवऱ्याने 'कबूल' म्हटले. तिसरा सांगेल, भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे पांढऱ्या कपड्यांत उभे राहून दादावहिनींनी त्रिसरण-पंचशील म्हटले. शाळा वसईकडची असेल तर देवळातल्या फादरांची आणि अंगठ्यांची हकीकत येईल. नांदेडकडची असेल तर गुरू ग्रंथसाहिबाभोवतीच्या चार फेऱ्यांची.

आता मुलांना विचारा, "नवरीला कुणी विचारलं का रे?" मुले विचारात पडतात. निकाहात तिची संमती साक्षीदारांदेखत घेतात. फादर दोघांनाही विचारतात. सप्तपदीत दोघे सात पावले बरोबर चालतात. जिथे ती रीत आहे तिथे सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण झाला, असे 1955 चा हिंदू विवाह कायदा सांगतो. निकाहातल्या मेहेराबद्दलही सांगा. तो नवऱ्याने नवरीला द्यायचा असतो, तिच्या बापाला नव्हे; तो तिचा हक्क. हुंड्याची वाट याच्या उलट आहे, आणि 1961 पासून हुंडा देणेघेणे हा गुन्हा आहे.

आणि भटजीचा प्रश्न? त्याचे उत्तर आपल्याच मातीत आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 साली पुण्यात सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात भटजीवाचून लग्न लागले. 1956 साली नागपुरास बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून बौद्ध पद्धतीची लग्ने घरोघर लागत आली आहेत. चिडवणाऱ्या मुलाला रागावण्यापेक्षा ही हकीकत सगळ्या वर्गाला सांगावी. चिडवलेल्या मुलाचे नाव मात्र घेऊ नये.

मुलांना सर्वांत मौज वाटते ती सारखेपणाची. आपल्याकडे हळद, गोव्यातल्या ख्रिस्ती घरी नारळाच्या दुधाचा 'रोस', कोकणातल्या बेने इस्रायल मंडळींत मेंदी. लग्नाआधी अंगाला काहीतरी लावायचे आणि बायाबापड्यांनी गाणी म्हणायची! लग्न न करण्याचे दिवसही असेच जुळतात बरं का. हिंदूंचा चातुर्मास, पुष्कळ मुसलमान घरांत मोहरम, कॅथलिकांचा उपासकाळ. फळ्यावर बारा महिने मांडून हे दिवस रंगवून घेतलेत, तर एक तास सहज निघतो.

काही पथ्ये पाळा. कोणाच्या लग्नात किती खर्च झाला, हे वर्गात विचारू नका. पवित्र मंत्र किंवा दुआ यांचे नाटक करवू नका. घरच्यांना ते खटकते आणि तेही बरोबरच आहे. एखादी गोष्ट ठाऊक नसेल तर मुलाला आजीकडे, काझींकडे नाहीतर विहारात विचारायला धाडा.

शेवटी बाहुलीचे लग्न लावताना तिचे वय विचारा. मुलगी अठरा आणि मुलगा एकवीस वर्षांचा झाल्याविना लग्न लावणे कायद्याने बंद आहे. सध्याचा बालविवाह प्रतिबंधाचा कायदा 2006 चा. चौथीतली एखादी पोर त्या वेळी हळूच म्हणेल, "बाई, आमच्या ताईला तर सोळावंच लागलंय, आणि मांडव पडलाय." मग तास तिथेच थांबवा आणि मधल्या सुटीत त्या पोरीला जवळ बसवून नीट विचारा. चाइल्डलाइनचा 1098 हा क्रमांक शाळेच्या भिंतीवर आधीच लिहून ठेवलेला असू द्या.