दुःखाच्या वर्षात सायकलची सोबत

माळव्यातल्या आपल्या पिढीला सायकल नवी नाही. शाळा, कॉलेज आणि नोकरीची पहिली काही वर्षे आपण सायकलवरच काढली. पुढे स्कूटर आली, मग मोटार आली आणि सायकल जिन्याखाली गेली. आता इंदूरच्या मराठी घरांतली साठी उलटलेली मंडळी पुन्हा पहाटे सायकलवर दिसू लागली आहेत. बहुतेकांचे कारण साखर किंवा वजन असते. आमचे कारण वेगळे होते. ते इतर कुटुंबांच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

आम्ही पाच जण, बँक, वीज मंडळ आणि शाळा यांतून निवृत्त झालेले. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमच्यापैकी एकाची पत्नी गेली आणि एकाचा धाकटा भाऊ. आपल्याकडे दुःखाचीही एक रीत असते. लोक भेटायला येतात, नुसते बसून राहतात, शेजारून पिठलं-भात येतो, तेरा दिवस घर एकटे पडू देत नाहीत. त्या वर्षी ही रीतच तुटली. दिवसकार्य चार माणसांत उरकले. फोनवर ‘काळजी घ्या’ याच्या पुढे बोलणे जाईना. जूनमध्ये निर्बंध सैल झाले, तेव्हा मोकळ्या हवेत, अंतर राखून भेटण्याचा सोपा मार्ग म्हणून आम्ही सायकली बाहेर काढल्या.

लांबचा पल्लाच का?

पहिल्या अर्ध्या तासात मन घरीच असते. तेच प्रसंग, तेच ‘असे केले असते तर’. तासाभरानंतर मात्र शरीर मनाला कामाला लावते. पुढचा खड्डा, मागून येणारा ट्रक, चढाचा गिअर, पाण्याचा घोट यांकडे लक्ष द्यावेच लागते. दुःख जात नाही, पण काही वेळ ते मागच्या कॅरिअरवर बसते. हा अवकाश छोट्या फेरीत मिळत नाही, म्हणून पल्ला हवा.

दुसरे कारण बोलण्याचे. सांत्वनाला गेलेला माणूस समोर बसतो, आणि समोर कोणी बसले की रडू आवरावे लागते. शांत रस्त्यावर सायकली शेजारी-शेजारी असतात, दोघांचीही नजर पुढे असते. तिथे तोंडाकडे न पाहता बोलता येते आणि बोलायचे नसेल तर गप्पही राहता येते. महूच्या पुढे बडगोंद्याच्या रस्त्यावर, सप्टेंबरातल्या एका सकाळी, आमचे मित्र पत्नीच्या शेवटच्या आठवड्याविषयी पहिल्यांदा बोलले. खाटेसाठी केलेले फोन, ऑक्सिजन, शेवटचा व्हिडिओ कॉल. सहा-सात किलोमीटर ते बोलत होते. आम्ही फक्त वेग कमी ठेवला.

टप्प्यांचा नियम

लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये ‘ब्रेव्हे’ नावाचा प्रकार आहे. १९०४ साली स्थापन झालेला पॅरिसचा ऑडॅक्स क्लब त्याचे नियम ठरवतो आणि अशा फेऱ्या भारतातही होतात. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २०, ४०० साठी २७ आणि ६०० साठी ४० तास मिळतात. ही शर्यत नव्हे. पहिला-दुसरा क्रमांक नसतो. ठरलेल्या ठिकाणी वेळेत पोहोचून नोंद करायची आणि पुढे निघायचे.

आमच्यापैकी कोणी ब्रेव्हे केलेली नाही, पण हा टप्प्यांचा नियम आम्ही घेतला. महेश्वर नव्वदएक किलोमीटर आहे असे म्हटले की पाय गळतात. म्हणून महेश्वरचे नाव घ्यायचे नाही, महूपर्यंत जायचे. महूला चहा झाला की जाम दरवाजा. तिथे अहिल्याबाई होळकरांच्या काळातली ती दगडी वेस आहे आणि खाली निमाड पसरलेला दिसतो. मग घाट, मग मंडलेश्वर, आणि त्यानंतर महेश्वर. जूनमध्ये आठ किलोमीटरने सुरुवात केली होती, डिसेंबरात आम्ही घाटावर पोहोचलो. नर्मदेच्या पायरीवर बसलो तेव्हा कोणी काही बोलले नाही. १७५४ साली पती, १७६६ साली सासरे आणि १७६७ साली मुलगा गमावलेल्या बाईने याच गावातून राज्य चालवले, हे आपण शाळेत वाचलेले असते. त्या दिवशी ते निराळे वाटले. मुक्काम करून परतताना सायकली पिकअपमध्ये टाकल्या. घाट चढण्याचा हट्ट कोणी धरला नाही.

आमचे मित्र पुढे म्हणाले, “वर्ष कसे काढायचे हे कळत नव्हते. महूपर्यंत कसे जायचे, हे कळत होते.” टप्प्यांचा उपयोग याहून नेमका आम्हाला सांगता येणार नाही.

सुरू करण्यापूर्वी

साठीनंतर आधी डॉक्टरांना भेटावे. रक्तदाब, साखर आणि ईसीजी पाहून घ्यावा. मोठ्या आजारातून उठलेल्यांनी त्यांची परवानगी घेतल्याशिवाय निघू नये.

सीटची उंची महत्त्वाची. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा. सीट फार खाली असली की गुडघे दुखतात आणि दोष वयाला दिला जातो.

चढावर जड गिअर लावून जोर करू नये. हलका गिअर ठेवून पाय फिरते ठेवावेत. चालवताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग योग्य आहे.

लांब फेरीचे अंतर आठवड्याला चार-पाच किलोमीटरपेक्षा जास्त वाढवू नये. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे-थोडे पाणी प्यावे आणि तासाभराने केळे, चिक्की असे काही खावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी याबाबत डॉक्टरांना आधी विचारावे.

हेल्मेट, मागचा लाल दिवा, जादा ट्यूब आणि पंप हवाच. हमरस्त्यावर एकामागून एक चालावे. गप्पा फक्त मोकळ्या रस्त्यावर. घाट उतरताना दोन्ही ब्रेक थोडे-थोडे दाबावेत.

सायकल काय करत नाही

सायकल हे औषध नव्हे. आठवडेच्या आठवडे झोप न येणे, जेवण तुटणे, जगण्यात अर्थ न वाटणे असे दिसले तर डॉक्टरांकडेच जावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते.

आणखी एक गोष्ट आम्हाला हळूहळू समजली. फेरी कितीही चांगली झाली तरी घरी परतून स्वतःच कुलूप उघडायचे, हा क्षण एकट्या माणसाला सर्वांत जड जातो. म्हणून शेवटचा टप्पा कुणाच्या तरी घरी ठेवण्याची पद्धत आम्ही पाडली. रविवारी पाळीपाळीने एकेकाकडे पोहे असतात. ज्यांच्या घरी वहिनी नाहीत, त्यांच्याकडेही पाळी येते. पहिल्यांदा त्यांचे पोहे कोरडे झाले होते, आता बरे होतात.

आपल्या इमारतीत, नात्यात यंदा कोणाच्या घरी असे काही घडले असेल, तर ‘काही लागले तर सांगा’ एवढे म्हणून थांबू नका. दुःखातला माणूस सांगत नाही. ‘उद्या साडेपाचला खाली येतो, दोन्ही चाकांत हवा भरून ठेवा’ असे म्हणा. आणि पावणेसहापर्यंत ते उतरले नाहीत, तर वर जाऊन बेल वाजवा.