मीठ वाहणारे तांडे आणि लेकरांचे डोळे
(लेखमाला : वाढत्या वयाचं ताट, भाग ६)

मागच्या आठवड्यात प्रथिनांचा हिशेब मांडला. आता डोळे आणि मेंदू. हा विषय निघाला की गाजर, बदाम आणि डब्यातली महागडी पावडर ही उत्तरं ठरलेली. मला मात्र तो वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात, पोहरादेवीला नेऊन बघायचा आहे. बंजारा समाजाची ही काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे, रामनवमीला मोठी यात्रा भरते, ऑक्टोबर २०२४मध्ये बंजारा विरासत संग्रहालयही उघडलं. आपल्या कामाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. या भागातल्या तांड्यांमधली बरीच माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला, वीटभट्टीवर नाहीतर बांधकामावर जातात आणि उन्हाळ्यात परततात. लहान लेकरं सोबतच असतात. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने ताट बदलतं, अंगणवाडी सुटते. मग प्रश्न असा पडतो, की शरीरात कुठला घटक किती दिवस शिलकीत राहतो?

एक मोठी शिल्लक अ जीवनसत्त्वाची. ती यकृतात साठते आणि काही महिने पुरते. डोळ्याच्या पडद्यात मंद उजेडात काम करणाऱ्या पेशी असतात. त्यांत ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि ते अ जीवनसत्त्वाशिवाय तयार होत नाही. शिल्लक संपली की पोर संध्याकाळी ठेचकाळतं, ताटातलं चाचपडतं. हा रातांधळेपणा. पुढे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखे डाग येतात, आणि तरीही दुर्लक्ष झालं तर बुबुळ मऊ पडून दृष्टी कायमची जाते. भारतात १९७० पासून लहान मुलांना या जीवनसत्त्वाचा मोठा डोस तोंडाने देतात. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर १ लाख युनिट, दीड वर्षाच्या सुमारास २ लाख, मग पाच वर्षांचं होईतो दर सहा महिन्यांनी २ लाख.

डोस सहा महिन्यांनी, आणि स्थलांतरही जवळजवळ तेवढंच. एक डोस चुकला की मधलं अंतर वर्षाचं होतं, तेही नेमकं पालेभाजी दुर्मिळ असलेल्या मुक्कामावर. हा डोस निव्वळ डोळ्यांसाठी आहे असा समज असतो, तोही अपुरा. आल्फ्रेड सोमर या अमेरिकी नेत्रतज्ज्ञाला १९८०च्या दशकात इंडोनेशियात आढळलं, की अ जीवनसत्त्व थोडं कमी असलेली मुलंही जुलाब आणि श्वसनाच्या आजारांनी जास्त दगावतात. त्यामुळे चुकलेला डोस आशाताईंना विचारून भरून घ्यावा. मात्र दुकानातून बाटली आणून मनाने जादा पाजू नये. हेच जीवनसत्त्व अती झालं तर यकृताला बाधतं, आणि शिल्लक राहत असल्यामुळे ते सहज बाहेरही पडत नाही.

ताटातून ते कसं मिळवायचं? शेवग्याची पानं, पावसाळ्यातला तरोटा, अंबाडी, लाल भोपळा, पपई यांत त्याचा कच्चा माल म्हणजे बीटा कॅरोटीन असतो. पण पानांमधला कच्चा माल शरीराला पुरता सुटा करता येत नाही. १९९५ साली पुन्हा इंडोनेशियातूनच एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्तनदा मातांना रोज हिरव्या पालेभाज्या देऊनही अ जीवनसत्त्वाची पातळी अपेक्षेइतकी वाढली नव्हती. याचा अर्थ पालेभाजी सोडा असा नाही. ती बारीक चिरा, नीट शिजवा आणि तेलाची फोडणी द्या, कारण हे जीवनसत्त्व तेलातच विरघळतं. लेकराची भाजी नुसती पाण्यात उकडणाऱ्या आया शहरात जास्त भेटतात, तांड्यातली याडी (आई) फोडणी विसरत नाही. अंडं आणि अधूनमधून बकऱ्याची कलेजी यांत तयार जीवनसत्त्व मिळतं. आणि गाजराने चष्मा जातो ही समजूत सोडून द्यावी. चष्म्याचा नंबर बुबुळाच्या आणि डोळ्याच्या आकाराचा प्रश्न आहे.

लोहाचा हिशेब जास्त कठोर. पूर्ण दिवसांचं बाळ आईकडून लोहाची शिल्लक घेऊन जन्मतं, ती साधारण सहा महिने पुरते. आईच्या दुधात लोह फार थोडं. दोन वर्षांत मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या जवळपास ८० टक्के होतो, मज्जातंतूंवर आवरण चढतं, आणि या कामाला लोह लागतं. शिल्लक संपते तेव्हाच मागणी चढलेली असते. कोस्टा रिकातल्या बाळांवर बेट्सी लोझॉफ यांनी वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. बालपणी लोहाची तीव्र कमतरता झालेली मुलं उपचारानंतरही पुढे चाचण्यांमध्ये मागेच राहिली. डोळ्यांना डोस उशिरा मिळाला तरी रातांधळेपणा बहुधा जातो. मेंदूच्या बाबतीत उशीर तसा भरून येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची जवळपास ६९ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली, त्याआधीच्या फेरीत हा आकडा ५४च्या आसपास होता.

बंजारा स्वयंपाकात बकऱ्याच्या रक्ताची सळोई असते. नाक मुरडणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की मांस-रक्तातलं लोह डाळी-भाजीतल्या लोहापेक्षा बरंच सहज शोषलं जातं. मांसाहार न करणाऱ्या घरी ज्वारीची बाटी, तूर, हरभरा, तीळ आहेत. सोबत लिंबू पिळायचं किंवा आवळा द्यायचा, आणि जेवणाबरोबरचा चहा बंद करायचा. लहान पोराला बशीत चहा ओतून देण्याची आपली माया लोह आतड्यातच अडवते. सहा महिन्यांपुढच्या बाळांना सरकार आठवड्यातून दोनदा लोहाचं सिरप देतं, शाळकरी मुलांना आठवड्याला एक गोळी. मुक्काम हलला की हेही तुटतं.

आयोडीनची शिल्लक त्याहून तोकडी, कंठातल्या ग्रंथीत फार तर दोन-तीन महिन्यांपुरती. गर्भातल्या बाळाच्या मेंदूला ते पहिल्या महिन्यांपासून लागतं. इथे इतिहासाची एक गंमत आहे. बंजाऱ्यांच्या तांड्यांनी शतकानुशतकं बैलांच्या पाठीवर देशभर मीठ आणि धान्य वाहिलं, रेल्वेने तो व्यापार मोडला. त्या मिठात आयोडीन नावापुरतंच असे, समुद्राच्या मिठातही. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात आयोडीन घातलेलं मीठ वाटून गलगंड कमी होतो हे दाखवलं, आणि १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आज प्रश्न उरतो तो सुट्ट्या खड्याच्या मिठाचा आणि चुलीजवळच्या उघड्या डब्याचा. भट्टीवर गेलेल्या गरोदर बाईच्या सामानात आयोडीनयुक्त मिठाची बंद पिशवी हवीच.

ओमेगा-३चा गाजावाजा फार होतो. जवसाची चटणी उत्तम, पण तिच्यातल्या तेलापासून मेंदूला हवं ते डीएचए हे मेदाम्ल शरीर फार थोडं बनवतं. बाळासाठी ते आईच्या दुधातून येतं, मोठ्या मुलांना अडाण, अरुणावती धरणांच्या माशांतून थोडंफार. जस्त फारसं साठत नाही, डाळी आणि मांस यांत ते येतंच.

आता अंड्याचं. कोलीन, ब१२, अ जीवनसत्त्व, डोळ्याच्या पडद्याला लागणारं ल्युटीन असं बरंच एका अंड्यात मिळतं. महाराष्ट्रात अमृत आहार योजनेतून अंगणवाडीतल्या मुलांना अंडी-केळी मिळतात, पण आदिवासी भागात. वाशीम अनुसूचित क्षेत्रात नाही आणि बंजारा समाज आपल्याकडे विमुक्त जातींत मोडतो, म्हणून तांड्यातलं तसंच भुकेलं, तसंच फिरतं लेकरू त्यातून सुटतं. शाळेच्या आहारात नोव्हेंबर २०२३मध्ये आठवड्याला एक अंडं आलं, जानेवारी २०२५मध्ये त्याचा सरकारी निधी थांबला. मला हा निर्णय पटलेला नाही.

निघण्याआधी करण्याजोगं काम साधं आहे. माता-बाल संरक्षण कार्ड सामानात ठेवायचं, अ जीवनसत्त्वाचा पुढचा डोस कधी आहे ते अंगणवाडीताईंकडून लिहून घ्यायचं, आणि मुक्कामाच्या गावी पोचल्यावर तिथल्या अंगणवाडीत लेकराचं नाव सांगायचं. 'पोषण ट्रॅकर'वर स्थलांतरित लाभार्थीची नोंद दुसऱ्या गावी लागू शकते. लस आणि डोस कुठल्याही सरकारी केंद्रात मिळतात.

पुढच्या भागात जंत, आणि खाल्लेलं अंगी का लागत नाही, याबद्दल.